माईंची किळस

देवळात गेल्यावर माणसं आधी देवाला हात जोडतात. माझ्या सासूबाई, माई, आधी देवळाच्या मागे जात. चप्पल काढायची, पदर खोचायचा, गाभाऱ्याकडे ढुंकूनही न बघता डावीकडून वळसा घालायचा आणि थेट मागच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. निर्माल्य कुठे टाकलंय, अभिषेकाचं पाणी कुठे जाऊन साचतंय, प्रसादाची पातेली घासून उपडी घातलीत की खरकटीच पडलीत, पुजाऱ्याचा पंचा कुठे वाळतोय, हे सगळं बघून झालं की मग त्या पुढे येत. पटलं तर नमस्कार. नाही पटलं तर नाकाला पदर. "पुढून काय, सगळेच देव चकचकीत असतात," म्हणायच्या. "त्यांना ठेवलंय कसं, ते मागे गेल्याशिवाय कळत नाही." नमस्कार फार थोड्या देवांच्या वाट्याला आला.

त्यांच्या 'शी'चे प्रकार होते. सिंकमध्ये पडलेल्या कॉफीच्या मगांसाठी नाकातल्या नाकात एक छोटी. बूट घालून सोफ्यावर पाय घेणाऱ्यांसाठी लांबवलेली, शेवटी मान झटकून. आणि एक बिनआवाजाची, जिच्यात फक्त वरचा ओठ जरासा उचलला जायचा. ती माझ्यासाठी राखीव होती.

माई सांगलीच्या. सासरे गेल्यावर निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना वेलिंग्टनला, आमच्या जॉन्सनव्हिलच्या घरी आणलं. सामानाचं वजन जास्त झालं तेव्हा त्यांनी साड्या कमी केल्या, पण देव आणले. कडीचा पितळी डबा, त्यात तांदळात रुतवलेले चांदीचे टाक, रांगता बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. या देशात बाहेरचा धान्याचा कणही येऊ देत नाहीत. विमानतळावरच्या तपासणीवाल्या बाईने तांदूळ काढून घेतले आणि देव एकेक करून कागदावर मांडले. हे माई पुढे येईल त्याला सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बाईने हातमोजे घातले होते म्हणून निभावलं. नाहीतर मी तशीच परत गेले असते." ते ऐकताना माझ्या मनात यायचं, किती बरं झालं असतं.

येऊन आठवडा झाला नसेल, एका सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "मृणाल, तू नर्स म्हणजे नक्की करतेस काय गं?"

मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काम करते. लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. औषधं देते, जखमा धुते, अंघोळी घालते, डायपर बदलते.

"म्हणजे त्यांचं ते... हातांनी?"

"मग कशाने, माई?"

त्यांनी कप खाली ठेवला. चहा मी केलेला होता. त्या दिवसापासून त्या आपला चहा आपण करायला लागल्या. चादरी ठेवायच्या कपाटातला वरचा कप्पा रिकामा करून आम्ही देवघर केलं होतं, त्याचं दार अर्धवट लोटून घेत त्या मला म्हणाल्या, "देवांना तू हात लावू नकोस हं. राग मानू नकोस. तू ते सगळं करतेस म्हणजे तुला किळस नाही. आणि ज्याला किळसच नाही, त्याला स्वच्छ म्हणजे काय ते कसं कळणार?"

राग मानू नकोस म्हटल्यावर जो राग येतो, तो आला. साबणाने धुऊन धुऊन माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. त्या घरात माझ्या हातांइतके स्वच्छ हात कोणाचे नव्हते. आणि मला विचाराल तर किळस यावी असं माईंचंच पुष्कळ होतं. सकाळी ओलेत्याने बाथरूममधून देवघरापर्यंत जायच्या, कार्पेटवर पाण्याची वाट उमटायची आणि पावसाळी दिवसांत त्या वाटेला कुबट वास यायचा. सिंकमध्ये खाकरून चुळा भरायच्या. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही आणि बागेतल्या झाडाखाली टाकलं तर वाऱ्याने ते राहायचं नाही, म्हणून बादलीत साठवायच्या. त्या बादलीला वॉशिंग मशीनच्या शेजारी फेस यायचा. मी झाकण उघडून बघितलं की त्या सोवळ्यातल्या बाईचीच किळस यायची. हे मी तेव्हा निखिललासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, वयाने असं होतं." निखिलचं सगळ्यावर तेच औषध असतं.

मग माईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितलं, पण माईंना इंग्रजी सौम्य शब्द बरोबर कळायचे. घरी येताना गाडीतच त्यांनी विषय काढला. "मी गेल्यावर देवांचं काय?"

निखिल म्हणाला, "मी करीन की पूजा." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी त्याने केली. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, एका हातात टोस्ट. माईंनी त्याच्या हातून पळी काढून घेतली आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. आमची रिया तेव्हा इंटरमीजिएटमध्ये, म्हणजे सातवी-आठवीच्या शाळेत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. तिला विचारलं तर ती दारातूनच निर्माल्याच्या बादलीकडे बघून म्हणाली, "आजी, नो वे. इट्स सो ग्रॉस." माईंना वाईट वाटण्याऐवजी थोडं बरंच वाटलं असावं. "हिला तरी किळस आहे," म्हणाल्या. मला कोणी विचारलंच नाही. मी तिथेच ओट्याशी भाजी चिरत उभी होते.

म्हणून देवांना घर शोधायचं ठरलं. भारतापर्यंतचा एवढा लांबचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. पाण्यात सोडायचं म्हटलं तर माझ्यासोबत काम करणारी एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतली, मैत्रीण म्हणाली, ज्या पाण्यातून आपण खायला काढतो त्यात आम्ही असलं काही सोडू देत नाही. हे माईंना सांगितलं तर त्या एकदम खूश झाल्या. "शहाणी माणसं आहेत. आपल्याकडे हे कोणाला सुचलं नाही." इथली देवळं त्यांनी बघून टाकली होती. एखादा हॉल, त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, कार्पेटमध्ये जिरलेला शिरा आणि वर मोज्यांचा वास. "जमीन धुता येत नाही तिथे देव ठेवायचा म्हणजे काय?" त्यावर कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे किरकोळ सामानाच्या दुकानातल्या बाई, ज्या मूळच्या फिजीच्या, त्यांनी सांगितलं की फिजीला जा. तिथे खरी देवळं आहेत, फरशीची, रोज पाण्याने धुतात, पायांना ऊन लागतं. माईंचे डोळे चमकले. तीन-साडेतीन तासांचं विमान. डॉक्टर हो म्हणाले. निखिलला रजा नव्हती.

तर अशी मी निघाले. ज्या देवांना मला हात लावायची बंदी, त्यांना परक्या घरी पोचवायला, माझी वार्षिक रजा घालून.

फिजीत उतरल्यावर अंगावर ओलं पांघरूण टाकल्यासारखी हवा आली. भाड्याची गाडी घेतली, दोन्ही बाजूंना ऊस, पुढे ऊस भरलेला ट्रक आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास. माईंनी काच खाली केली, वास घेतला आणि म्हणाल्या, "सांगलीच की गं ही." प्रवासात त्या एवढं एकच चांगलं बोलल्या.

हॉटेलात त्या काही खाणार नव्हत्या. न्याहारीच्या टेबलावर बेकन बघून त्यांनी पाठ फिरवली. "तवा एकच असणार." घरून दुधातल्या दशम्या आणि तिळाची चटणी बांधून आणली होती. त्याच त्या सकाळ-संध्याकाळ खायच्या. त्या दमट उकाड्यात, झाकण लावलेल्या स्टीलच्या डब्यात दशम्या घामेजून गेल्या होत्या. मी म्हटलं, "माई, आंबूस वास येतोय." त्या म्हणाल्या, "माझ्या हातचं मला बाधत नाही." बोलून उपयोग होण्यातल्या त्या नव्हत्या.

पहिलं देऊळ मोठं होतं. रंगवलेलं, समोर फरशी लख्ख. माई नेहमीप्रमाणे मागे गेल्या, मी त्यांच्या मागून. मागे एक उघडं पिंप होतं. हार, केळीची सालं, दुधाच्या पिशव्या, आणि त्या सगळ्याचा एक पिवळट लगदा, ज्याच्या कडेने आळ्या चालल्या होत्या. फोडलेल्या नारळांच्या करवंट्यांत पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात डासांची पिल्लं वळवळत होती. "बघ," माई म्हणाल्या. "देवाने डास पाळलेत." पुढे आल्यावर पुजाऱ्याने तीर्थ दिलं. माईंनी ते ओंजळीत घेतलं, तोंडाजवळ नेलं आणि सफाईने डोक्यावरून मागे केसांना पुसलं. ही त्यांची जुनी युक्ती होती. मी मात्र बेसावध होते, प्यायले. दिवसभर माझं सगळं लक्ष पोटाकडे.

दुसरं देऊळ टेकडीवर, समोर समुद्र, फोटो काढावा असं. पुजारी उघडाबंब, घामाने निथळत होता. आमच्याशी बोलता बोलता त्याने काखेत खाजवलं. चांगलं मन लावून खाजवलं. आणि त्याच हाताने परातीतला प्रसाद मुठीत वळून पुढे केला. मी नकळत एक पाऊल मागे सरले, तेव्हा कळलं की माईपण सरल्यात आणि आम्ही दोघी एकमेकींना धडकलोय. दोघींच्याही नजरा त्या एकाच मुठीवर होत्या. मला हसू येत होतं. माईंना नाही आलं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तू कशाला मागे सरलीस? तुला काय त्याचं?"

मी गाडी सुरू केली नाही. एसी बंद, काचा बंद, तशीच बसून राहिले. इतका संताप आला होता की बोलले असते तर काहीतरी भलतंच बोलले असते. या बाईच्या देवांसाठी मी उन्हात गाडी हाणतेय आणि हिच्या लेखी मी गटार साफ करणारी एक वस्तू, जिला नाकसुद्धा नाही. शेवटी माईच म्हणाल्या, "अगं, गुदमरायला होतंय," तेव्हा मी किल्ली फिरवली.

तिसऱ्या दिवशी ते देऊळ सापडलं. मुख्य रस्ता सोडून उसातून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, पत्र्याच्या छपराचं, लहानसं. तिथे कोणी पुजारी नव्हता. पोटऱ्यांपर्यंत झगा आणि डोक्यावर ओढणी घेतलेली एक म्हातारी अंगण झाडत होती. देऊळ तिच्याच घरच्यांनी कधीकाळी बांधलेलं, आता तीच बघते, असं तिने तिथल्या हिंदीत सांगितलं. माई तिला नमस्कारही न करता मागे गेल्या.

मी त्यांच्या 'शी'ची वाट बघत उभी राहिले. आली नाही. मी जाऊन बघितलं. मागे घासलेली भांडी फळीवर उपडी, ओळीने. निर्माल्याला खणलेला खड्डा, वर माती ओढलेली, कडेने जास्वंदी फुललेल्या. नळाखाली काळा धोंडा, त्यावर शेवाळ नाही. माई वाकून, चष्मा सारखा करून, खोट शोधत होत्या. परीक्षकाने पेपर पुन्हा पुन्हा उलटून बघावा तशा. मग त्या सरळ झाल्या, पुढे गेल्या आणि गाभाऱ्यासमोर त्यांनी हात जोडले. मला हायसं वाटलं आणि, खरं सांगते, कुठेतरी लागलंही. म्हणजे ही उसाच्या शेतातली अनोळखी बाई चालली.

माईंनी खांद्यावरची कापडी पिशवी पुढे घेऊन आत डबा असल्याचं सांगितलं. त्यांचं हिंदी सांगलीचं, म्हातारीचं फिजीचं, पण दोघींचं जमलं. म्हातारीला नवल वाटलं नाही. "रख दो. बहुत लोग रखे हैं," असं म्हणून ती आम्हाला बाजूच्या पत्र्याच्या खोलीकडे घेऊन गेली आणि तिने कुलूप काढलं.

आत फळ्या होत्या आणि फळ्यांवर देव होते. घराघरांतले. पितळेचे कृष्ण, हनुमान, देवी, संगमरवरी गणपती, काचेच्या फ्रेमा एकावर एक रचलेल्या. पत्रा तापलेला, आत कुबट, तेलकट, उंदरांचा वास. एका गणपतीच्या सोंडेच्या वळणात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. फ्रेमांच्या काचेत आतून बुरशी धरली होती, एका लक्ष्मीचा चेहराच कसरीने खाल्ला होता. वरच्या फळीवर पालीच्या लेंड्यांचा थर. म्हातारी म्हणाली, "कोई सिडनी गया, कोई ऑकलंड गया. जाते टाइम सब हियाँ रख दिया. बोला, आएगा लेने." तिचे गुडघे गेले होते, खालच्या दोन फळ्या ती पुसायची, वर हात पोचत नव्हता. देऊळच तिला कसंबसं होत होतं, ही खोली कुठून होणार?

माईंनी विचारलं, "आता है कोई?"

"नहीं."

तिचाही मुलगा ऑकलंडला होता. त्यातली एक फ्रेम त्याच्या घरातली, हे तिने बोटाने दाखवलं.

माईंचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, देवांमुळे. तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "मृणाल." त्या आवाजाची मला ओळख आहे. वॉर्डात माणसं त्या आवाजात हाक मारतात, तेव्हा उशीर झालेला असतो. मी त्यांना कशीबशी मागे नळापर्यंत आणलं, पण संडास पार अंगणाच्या टोकाला होता. दशम्यांनी आपलं काम केलं होतं.

त्या तशाही अवस्थेत माईंनी पिशवी अंगापासून लांब, हात ताणून धरली होती. खाली ठेवायची तर जमीन ओली, म्हातारीला द्यायची तर ती लांब. मी हात पुढे केला. त्यांनी पिशवी मागे ओढली.

"माई, द्या इकडे ती," मी ओरडले. "नाहीतर देवांवर होईल सगळं."

त्यांनी दिली.

मी डबा भांड्यांच्या फळीवर ठेवला आणि कामाला लागले. म्हातारीने न सांगता बादली, साबण, जुने फडके आणि आपला एक धुतलेला झगा आणून ठेवला आणि ती निघून गेली. माई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या, डोळे घट्ट मिटून. नऊवारीतलं काही शिल्लक ठेवण्यासारखं नव्हतं. उन्हात त्या वासाला माश्या आल्या. मी पाणी ओतत होते, पुसत होते, फडकं पिळत होते. आयुष्यात ज्यांच्या वाटेलाही कोणी ओल्या हाताने गेलं नाही, त्या माई पोरासारखं पाय उचल म्हटलं की पाय उचलत होत्या.

बऱ्याच वेळाने डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "तुला किळस येत नाही?"

"येते की."

"आत्ता?"

"आत्तासुद्धा. पोटात ढवळतंय माझ्या."

"आणि तिकडे? कामावर?"

"रोज येते, माई. लोक म्हणतात सवय होते. नाही होत. तोंडाने श्वास घेते आणि करते."

"मग करतेस कशाला?"

"मग काय, तुम्हाला असंच ठेवून जाऊ?"

मी झगा त्यांच्या डोक्यातून घातला, निळा, पांढऱ्या मोठ्या फुलांचा. परक्या बाईच्या अंगातला. त्यावरही त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला काही वाटतच नाही. वाटत नाही म्हणूनच ते काम धरलंस."

"विचारायचं होतं," मी म्हटलं. माझा आवाज फुटला, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

म्हातारी लिंबू-मीठ घातलेलं पाणी घेऊन आली. ते माई प्यायल्या. मग म्हातारीने फळीवरच्या डब्याकडे बघून विचारलं, कुठल्या फळीवर ठेवू, खालच्या ठेवू का, तिथे माझा हात पोचतो.

"नही रखना," माई म्हणाल्या. "बहू करेगी."

हे सगळं माझ्यासमोर. मला न विचारता. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "माई, मला देव नकोत. मी कधी मागितले होते? मला देवाधर्माचं काही कळत नाही, सकाळी सहाला माझी ड्यूटी असते."

झग्याच्या फुलांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "मलाही नको होते. लग्न होऊन आले तेव्हा सासूने न विचारताच दिले." आणि काच खाली करून उसाकडे बघत बसल्या.

घरी आल्यावर माई बदलल्या बिदलल्या, असलं काही झालं नाही. माझ्या हातचा चहा घ्यायला लागल्या, पण प्रत्येक वेळी कपाच्या कडेवरून बोट फिरवून. पूजा मी करायची आणि त्यांनी खुर्चीत बसून नावं ठेवायची. "टाक असे घासतात? कुकर आहे का तो?" "अन्नपूर्णेला पालथी घालू नकोस, गुदमरेल." निर्माल्याची बादली मात्र मी बंद केली. घरामागे वाऱ्याच्या आड एक खड्डा खणला आणि वरून माती ओढायला लागले. माई मागे येऊन बघून गेल्या. काही म्हणाल्या नाहीत, म्हणजे पटलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. वेलिंग्टनचा वारा खिडक्या हलवायचा आणि माई चादरीखाली चिपाडासारख्या पडलेल्या असायच्या. मदतीला रोज बाई यायला तयार होती. माई म्हणाल्या, नको, मृणाल करेल. वॉर्डातून यायचं आणि घरी पुन्हा तेच. मी चिडायचे, आदळआपट करायचे, निखिलला टोचून बोलायचे. पहिल्यांदा त्यांना अंथरुणातच साफ करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि विचारलं, "आली का किळस?"

मला वाटलं, बिचारीला लाज वाटतेय. म्हणून म्हटलं, "नाही हो, माई. तुमची कसली किळस?"

त्या चक्क रागावल्या. "खोटं बोलू नकोस. किळस आली तरच नीट पुसशील. नाही आली तर ठेवशील कोपरे तसेच."

त्यानंतर हे रोजचंच झालं. मी काम करायला लागले की त्या विचारायच्या, "आली का?" मी म्हणायचे, "आली." मग त्यांचा जीव थाऱ्यावर यायचा. आणि ते खरंही असायचं. रोज यायची, मी तोंडाने श्वास घ्यायचे आणि कोपरे पुसायचे. कामावर नवीन मुली येतात, डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, मला किळस येते, मला हे काम जमणार नाही. त्यांना मी आता सांगते, येऊ दे, जिला येते तीच नीट करते. हे माईंचं म्हणणं आहे, असं काही मी त्यांना सांगत नाही.

शेवटच्या सकाळी माईंचा श्वास बदलला होता. मला ते ऐकूनच कळलं, ते माझं कामच आहे. तरी अंथरूण खराब झालं होतं, म्हणून मी पाणी गरम करून आणलं, कूस बदलली, पाठ, मांड्या, टाचांपर्यंत सगळं पुसलं, कोरडं केलं. चादर बदलली. त्यांना माझ्या हाताची वाट पाठ होती, कुठे उचलायचं, कुठे सैल सोडायचं. अर्धवट डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आली का?"

"आली, माई. खूप आली."

"मग जा. हात धू, आणि देवांचं कर."

मी हात धुतले. पेरांच्या भेगांना साबण झोंबला. देवांचं करून परत आले तोवर माई गेल्या होत्या.

त्या सकाळी मी त्यांच्याशी खोटं बोलले. आली नव्हती.